ऑक्सफर्ड-केंब्रिजचा अर्ज अडतो तो स्टाफरूममध्ये

महोदय,

बारावीचे निकाल लागले की परदेशी शिक्षणाच्या पुरवण्या निघतात, ऑक्सफर्ड-केंब्रिजची नावे मथळ्यांत झळकतात आणि गुणपत्रिका हातात घेऊन विद्यार्थी-पालक चौकशीला बाहेर पडतात. तोवर त्या वर्षीच्या प्रवेशाची मुदत संपून सात-आठ महिने झालेले असतात. म्हणून सर्वांत आधी एक तारीख मोठ्या अक्षरांत छापावी अशी विनंती आहे : १५ ऑक्टोबर. बारावीच्या वर्षातला १५ ऑक्टोबर. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या सगळ्या पदवी अभ्यासक्रमांसाठी आणि ब्रिटनमधल्या बहुतेक वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी हीच शेवटची तारीख आहे. वेळ ब्रिटनची संध्याकाळी सहाची, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाची. इतर विद्यापीठांची मुदत जानेवारीत असते, पण तोवर थांबण्यात शहाणपणा नाही.

अर्ज विद्यापीठाकडे थेट जात नाही. यूकास या मध्यवर्ती यंत्रणेकडे एकच अर्ज भरायचा आणि त्यात पाच पर्याय द्यायचे. वैद्यकीय शाखेसाठी त्यांतले चारच वापरता येतात. एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. दोन्हींकडे ‘ट्राय’ करून बघू म्हणणाऱ्या पालकांना हे पटवून द्यावे लागते. पाचही विद्यापीठांना तोच अर्ज आणि त्यासोबतचे तेच लेखन (पर्सनल स्टेटमेंट) जाते, मात्र बाकीचे चार पर्याय कोणते ते त्यांना त्या टप्प्यावर दिसत नाही. म्हणून एका जागी अर्थशास्त्र, दुसऱ्या जागी कायदा आणि तिसऱ्या जागी मानसशास्त्र असे टाकले की लेखन तिन्हींकडे अर्धवट उतरते आणि तिन्हीकडून नकार येतो.

आता मुळाशी जाऊ. ही विद्यापीठे विषयाला प्रवेश देतात. इंजिनिअरिंगला आलेला विद्यार्थी पहिल्या दिवसापासून इंजिनिअरिंगच शिकतो. त्यामुळे निवड करणारे प्राध्यापक एकच गोष्ट तपासतात, की हा विषय तीन-चार वर्षे जोमाने शिकायची ताकद आणि ओढ या मुलात आहे का. आपल्याकडचे मार्गदर्शन मात्र अमेरिकी अर्जाच्या चालीवर चालते. वृक्षारोपण, वक्तृत्वाची ढाल, कराटेचा पट्टा, एखाद्या संस्थेत पंधरा दिवसांची सेवा, अशी चाळीस प्रमाणपत्रांची फाइल तयार होते. ब्रिटिश अर्जात ती जोडायला जागाच नसते. हजारो रुपये मोजून घेतलेल्या ‘प्रोफाइल बिल्डिंग’ पॅकेजाचा मोठा भाग इथेच वाया जातो.

दार कुठे बंद होते तेही पाहू. बऱ्याचदा ते अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच बंद होते. कॉमर्सला मॅथ्स घ्यायचे की एसपी (सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस), हा प्रश्न आपल्याकडे टक्केवारी वाढवण्याच्या हिशेबाने सुटतो. केंब्रिजचे अर्थशास्त्र, ऑक्सफर्डचे इकॉनॉमिक्स अँड मॅनेजमेंट आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे अर्थशास्त्र या तिन्हींना गणित लागते. एसपी घेऊन ९६ टक्के मिळवलेला विद्यार्थी तिथे अर्जाच्या पहिल्या चाळणीतच थांबतो. सायन्सला गणित सोडून बायोलॉजी घेतलेल्यांचे इंजिनिअरिंगबाबत असेच होते. शिवाय आपण एकूण ६०० पैकी गुणांवर बोलतो, ते विषयवार गुण पाहतात. फिजिक्समध्ये ८२ आणि आयटीमध्ये ९९ मिळून सरासरी चांगली झाली, तरी फिजिक्सला बसलेली खोट भरून निघत नाही.

बोर्डाचा प्रश्नही आधीच सोडवायला हवा. सीबीएसई, आयएससी आणि राज्य मंडळ यांना ब्रिटिश विद्यापीठे एका मापाने मोजत नाहीत. नियम विद्यापीठागणिक आणि कधी अभ्यासक्रमागणिक बदलतात. काही ठिकाणी बारावी पुरेशी धरली जाते, तर काही ठिकाणी जोडीला दुसरी परीक्षा मागतात. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर देशवार पात्रतेचे पान असते. त्यात भारताखाली आपल्या बोर्डाचे नाव वेगळे लिहिले आहे का ते बघावे. नसेल तर बारावीच्या जूनमध्येच, आपले विषय नावानिशी लिहून, प्रवेश कार्यालयाला ईमेल करावी. ‘मी सायन्सचा विद्यार्थी आहे, पात्र आहे का?’ असे विचारले तर उत्तरही तितकेच मोघम येते. बोर्ड, विषय, अकरावीचे विषयवार गुण आणि अभ्यासक्रमाचे नाव दिले तर कामाचे उत्तर मिळते. ते उत्तर जपून ठेवावे.

आता लेखनाकडे वळू. त्याला आपल्याकडे सरसकट ‘एसओपी’ (स्टेटमेंट ऑफ पर्पज) म्हणतात आणि पदव्युत्तर अर्जाचे नमुने बारावीच्या मुलांच्या हाती देतात. यूकासचे पर्सनल स्टेटमेंट वेगळे आहे, आणि २०२६ च्या प्रवेशापासून त्याचा साचाही बदलला आहे. पूर्वी एकसंध लेख असे. आता तीन प्रश्न असतात : हा विषय का शिकायचा आहे, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी तयारी कशी झाली, आणि वर्गाबाहेर तयारीसाठी काय केले व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४,००० अक्षरे, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे. इंग्रजीत हे सहाशे-साडेसहाशे शब्द होतात. बाजारात अजून जुन्या साच्याचे नमुने फिरत आहेत. ते वापरून लिहिलेला मजकूर मग तीन तुकड्यांत कापला जातो, पहिल्या उत्तरातच सगळे संपते आणि तिसऱ्यात भरायला काही उरत नाही.

पहिल्या उत्तरात सर्वाधिक वाया जाणारी जागा म्हणजे बालपण. ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती’ हे वाक्य वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, कारण ते सगळेच लिहितात. २००७ मध्ये यूकासने अर्जांची छाननी केली तेव्हा २३४ जणांनी आठव्या वर्षी प्रयोग करताना पायजम्याला भोक पाडल्याची एकच हकिगत लिहिलेली सापडली. नमुना एकाचा होता, बाकीच्यांनी तो उतरवला होता. आजही प्रत्येक स्टेटमेंट साम्य शोधणाऱ्या प्रणालीतून जाते आणि संशय आला तर विद्यापीठांना कळवले जाते. मजकूर आपलाच आहे, दुसऱ्याचा किंवा एआयने लिहिलेला नाही, असेही अर्जदाराला जाहीर करावे लागते. कन्सल्टन्सीकडून ‘लिहून घेण्यात’ धोका एवढ्यावर थांबत नाही. मुलाखतीत त्याच मजकुरावर प्रश्न येतात, आणि न वाचलेल्या पुस्तकाचे नाव तिथे अंगावर येते.

मग लिहायचे काय? अर्थशास्त्राचेच उदाहरण घेऊ, आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातलेच. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर केले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये बंदी उठवली. लासलगावचे रोजचे आवक-भाव ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. निफाडच्या एखाद्या मुलीने या चार तारखांच्या आधीचे व नंतरचे तीस-तीस दिवसांचे भाव उतरवून काढले, आवकही मांडली, आणि ‘बंदीनंतर भाव पडला, पण त्याच सुमारास लाल कांद्याची आवकही वाढली होती, मग पडझडीतला किती वाटा बंदीचा?’ हा प्रश्न स्वतःला विचारला, तर ती अर्थशास्त्रज्ञाच्या वाटेला लागली. दोन कारणे एकत्र आली की ती वेगळी कशी काढायची, हा या शास्त्राचा गाभ्याचा प्रश्न आहे. तिला उत्तर मिळाले नसेल तरी चालते. का मिळत नाही ते दोन वाक्यांत लिहिले, कुठली आकडेवारी असती तर मिळाले असते ते सांगितले, की हजार रुपयांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी जास्त काम झाले.

असा विषय प्रत्येकाच्या अंगणात असतो, फक्त अंगणाकडे ‘प्रोफाइल’ म्हणून बघायची सवय नाही. भूगर्भशास्त्रासाठी सह्याद्रीतले बेसॉल्टचे थर आणि लोणारचे विवर आहे. जीवशास्त्रासाठी गावची देवराई आणि तिच्या कुंपणापलीकडचे रान, दोन्हींकडच्या झाडांची मोजणी करून तुलना करता येते. कायद्यासाठी जिल्हा न्यायालय आहे. तिथले कामकाज सर्वसाधारणपणे खुले असते, एकाच खटल्याच्या तीन तारखांना बसले तरी पुरावा म्हणजे काय आणि तारीख का पडते हे पुस्तकाबाहेर कळते. खगोलशास्त्रासाठी नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण आहे. केलेली गोष्ट, तिच्यातून पडलेला प्रश्न आणि त्या प्रश्नामागे जाऊन वाचलेले काहीतरी, या तीन पायऱ्या एकाच परिच्छेदात दिसाव्यात. पाच गोष्टींची यादी देण्यापेक्षा दोन गोष्टी खोलवर लिहाव्यात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या ठिकाणी तर मुलाखतच नसते, तिथे विद्यार्थ्याचा आवाज पोचतो तो याच ४,००० अक्षरांतून.

आता शीर्षकातल्या स्टाफरूमविषयी. या अर्जाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग विद्यार्थी लिहीतच नाही. तो ज्युनिअर कॉलेजने लिहायचा असतो : रेफरन्स आणि प्रेडिक्टेड ग्रेड. आंतरराष्ट्रीय शाळांत यासाठी पगारी समुपदेशक असतात. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात मात्र विद्यार्थी सप्टेंबरच्या शेवटी सरांकडे जातो, सर त्याला ‘बोनाफाइड’सारखे पत्र देतात, ‘हा विद्यार्थी हुशार, शिस्तप्रिय व चांगल्या चारित्र्याचा आहे’, आणि काम झाले असे दोघांनाही वाटते. त्या पत्राने नुकसान होत नाही, पण फायदाही शून्य.

रेफरन्सचे तीन भाग असतात. पहिल्यात कॉलेजची ओळख द्यायची : कुठले बोर्ड, वर्गात किती मुले, शिकवण्याचे माध्यम, कुठले विषय उपलब्धच नाहीत, आजवर कोणी असा अर्ज केला आहे का. १२० मुलांच्या तुकडीत, अर्ध्या प्रयोगशाळेत शिकून मिळवलेले ९३ गुण आणि वीस मुलांच्या वर्गात मिळवलेले ९३ गुण यांतला फरक परदेशातल्या प्राध्यापकाला आपणहून कळत नाही, तो इथे सांगावा लागतो. दुसरा भाग अडचणींचा : आजारपण, घरातला मृत्यू, पुरात बुडालेले घर. लागू नसेल तर कोरा ठेवावा. तिसरा भाग त्या विद्यार्थ्याबद्दल, आणि खरी मेहनत इथे आहे. विशेषणे कापून प्रसंग लिहावेत. ‘फार हुशार’ याऐवजी ‘प्रकाशाच्या व्यतिकरणावर शिकवताना फट रुंद केली तर पट्टे पुसट का होतात हे तिने विचारले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आकृती काढून आणली’ असे लिहिले तर वाचणारा थांबतो. तुलनाही द्यावी : गेल्या दहा वर्षांत गणिताला शिकवलेल्या मुलांत हा पहिल्या पाचांत येतो, असे खरे असेल तर स्पष्ट म्हणावे. म्हणून हे लिहिणारा विषयशिक्षक हवा. प्राचार्यांची सही मोठी वाटते, पण त्यांनी मुलाला शिकवलेले नसेल तर ते पान ओस पडते. नातेवाईक किंवा घरच्या ओळखीचे लोक तर मुळीच चालत नाहीत.

प्रेडिक्टेड ग्रेड म्हणजे बारावीत प्रत्येक विषयात किती गुण मिळतील याचा कॉलेजचा अंदाज. आपली पूर्वपरीक्षा जानेवारीत, अर्ज ऑक्टोबरात, आणि सहामाही बऱ्याच ठिकाणी दिवाळीच्या तोंडावर. मग अंदाज कशावरून बांधायचा? अकरावीचे वार्षिक गुण, जून ते सप्टेंबरच्या घटक चाचण्या आणि त्या मुलासाठी सप्टेंबरमध्ये मुद्दाम घेतलेली पूर्ण लांबीची एक लेखी परीक्षा, एवढा आधार पुरतो. फिजिक्स, केमिस्ट्रीत लेखी ७० चे आणि प्रात्यक्षिक ३० चे. प्रात्यक्षिकात बहुतेकांना जवळजवळ पूर्ण गुण मिळतात, त्यामुळे खरा अंदाज ७० च्या बाबतीत करायचा असतो. सत्तरपैकी ६३ मिळवणाऱ्याला ९८ चा अंदाज देणे ही मदत नव्हे. त्या आकड्यावर सशर्त प्रवेश मिळतो आणि मे महिन्यात अट चुकते. उलट ‘उगाच जबाबदारी नको’ म्हणून ८५ लिहिले, तर अर्ज उघडला तसाच मिटला जातो. दोन्ही चुका सर्रास होतात, दुसरी जास्त.

आणखी एक तांत्रिक खोच. शाळा-कॉलेज यूकासकडे नोंदलेले नसेल तर विद्यार्थी स्वतंत्रपणे अर्ज करतो, आणि शिक्षकाला यूकासकडून ईमेलवर दुवा जातो. तो पुष्कळदा स्पॅममध्ये पडतो. रेफरन्स भरून झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. १४ तारखेच्या रात्री विद्यार्थी फी भरायला बसतो आणि सर गावाला गेलेले असतात. ऑक्टोबर म्हटला की नवरात्र, दसरा, कधी दिवाळीही, हे कॅलेंडर ब्रिटनला ठाऊक नाही. आमचा सल्ला असा की शिक्षकाला जुलैत कल्पना द्यावी, ऑगस्टअखेर त्यांच्या हाती एक पानभर टिपण द्यावे (कुठला अभ्यासक्रम, काय वाचले, वर्गातला कुठला प्रसंग आठवतो), आणि ३० सप्टेंबर हीच शेवटची तारीख मानावी. कॉलेजांनीही या कामासाठी एका शिक्षकाचे नाव फलकावर लावावे. महिन्यातून दोन तासांचे काम आहे.

नावाची भानगड मराठी घरांत हमखास होते. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव, खाली आईचे नाव वेगळे. पासपोर्टवर नाव व वडिलांचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. यूकासवर, प्रवेश परीक्षेच्या नोंदणीत आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच भरावे. परीक्षाकेंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणी जुळली नाही तर परत पाठवतात, फीही जाते. पासपोर्ट नसेल तर अकरावीच्या उन्हाळ्यातच काढून ठेवावा.

प्रवेश परीक्षांबद्दल. त्यांची नोंदणी यूकासच्या अर्जासोबत आपोआप होत नाही, ती वेगळी, आणि तिची मुदत सप्टेंबरातच संपते. ज्यांचा अर्ज निव्वळ या एका कारणाने बाद होतो ते सगळे हुशारच असतात. केंब्रिजला इंजिनिअरिंग आणि नॅचरल सायन्सेससाठी ईसॅट (गणित-विज्ञानाची परीक्षा), कॉम्प्युटर सायन्स आणि अर्थशास्त्रासाठी टीएमयूए (गणिताची परीक्षा) द्यावी लागते, आणि केंब्रिज ऑक्टोबरचीच फेरी धरते, जानेवारीची नाही. कायद्याला ऑक्सफर्ड-केंब्रिज दोन्हीकडे एलनॅट आणि वैद्यकीयला यूकॅट. यूकॅटची फेरी जुलै ते सप्टेंबरमध्येच उरकते. ऑक्सफर्डच्या परीक्षांची रचना अलीकडे बदलत आहे, तेव्हा थोरल्या भावाच्या पुस्तकांवर न विसंबता त्या वर्षीचे अभ्यासक्रमाचे पान वाचावे. केंद्रे मोठ्या शहरांतच असतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांनी प्रवास धरून लवकरची जागा पकडावी.

जेईईची तयारी करणाऱ्यांना या परीक्षा सोप्या जातील असा समज आहे. अभ्यासक्रमाच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, पण सवयी आड येतात. ईसॅटच्या प्रत्येक भागात ४० मिनिटांत २७ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिटही नाही, आणि कॅल्क्युलेटर नाही. महत्त्वाचे म्हणजे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. निगेटिव्ह मार्किंगची भीती मुरलेली मुले पाच-सहा प्रश्न कोरे सोडून येतात, म्हणजे हातचे गुण टाकून येतात. इथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. टीएमयूएमध्ये ७५ मिनिटांचे दोन पेपर, प्रत्येकी २० प्रश्न. पहिला आपल्या मुलांना जमतो. दुसऱ्यात तर्क असतो : दिलेली अट आवश्यक आहे की पुरेशी, सिद्धतेच्या कुठल्या ओळीत चूक आहे, विधानाचा नकार कसा होईल. आपल्या बारावीच्या पहिल्याच प्रकरणात मॅथेमॅटिकल लॉजिक आहे आणि ते ‘स्कोअरिंग’ म्हणून सत्यसारण्या पाठ करून संपवले जाते. तेच प्रकरण नीट, भाषेतल्या विधानांवर शिकवले तर या पेपराची निम्मी तयारी कॉलेजातच होते.

केंब्रिजचा अर्जदार यूकासनंतर मोकळा होत नाही. ‘माय केंब्रिज ॲप्लिकेशन’ नावाचा दुसरा फॉर्म आठवड्याभरात भरायचा असतो, त्याची ईमेल पाहिली नाही म्हणून अर्ज रद्द होऊ शकतो. ऑक्सफर्डला इतिहास, इंग्रजी यांसारख्या विषयांसाठी वर्गात लिहिलेले, शिक्षकाने तपासलेले काम १० नोव्हेंबरपर्यंत द्यावे लागते. आपल्या बोर्डात दीड-दोन हजार शब्दांचा निबंध कोणी लिहूनच घेत नाही. इतिहासाच्या शिक्षकांनी ऑगस्टमध्ये एक प्रश्न द्यावा, उत्तर तपासावे, शेरे मारावेत, आणि शेऱ्यांसकट तीच प्रत पाठवावी. शेऱ्यानंतर ‘सुधारून’ पुन्हा टाइप करण्याचा मोह टाळावा.

मुलाखती डिसेंबरात होतात. ऑक्सफर्डच्या सगळ्या ऑनलाइन असतात, केंब्रिजच्या परदेशी अर्जदारांच्याही. सकाळी नऊची वेळ म्हणजे आपली दुपारी अडीच. ‘स्वतःबद्दल सांगा’ची घोकंपट्टी इथे निरुपयोगी आहे. गणित-विज्ञानाच्या मुलाखतीत फळ्यावर सोडवायला प्रश्न देतात. नमुना म्हणून, साइन एक्स भागिले एक्स याचा आलेख काढा. बारावीचा मुलगा शून्यापाशी किंमत एक जाते हे पाठ म्हणून सांगतो आणि थांबतो. पुढे काय दिसायला हवे? डावी-उजवी बाजू सारखी, शून्य सोडून पायच्या (π) प्रत्येक पटीला अक्षाला छेद, आणि एकछेद एक्स व उणे एकछेद एक्स यांच्या मध्ये कोंडलेली, विरत जाणारी लाट. मग प्राध्यापक म्हणतात, आता एक्सच्या जागी एकछेद एक्स घाला. म्हणजे एक्स गुणिले साइन एकछेद एक्स. आता जे दूर विरत होते ते सगळे शून्याजवळ गर्दी करते, लाटा दाट होतात पण लहानही होतात, आणि दूरवर आलेख एकच्या जवळ जाऊन सपाट होतो. विद्यार्थ्याने पहिल्या आलेखावरून दुसरा ओळखला का, अडल्यावर इशारा उचलला का, चूक लक्षात आल्यावर मागे फिरला का, हे पाहायचे असते. बरोबर उत्तर गप्प बसून पाच मिनिटांनी देणाऱ्यापेक्षा मोठ्याने बोलत, चुकत, दुरुस्त करत जाणारा पुढे जातो. आपल्या वर्गांत मोठ्याने विचार करायला मनाई असते, म्हणून सराव लागतो. आठवड्यातून दोनदा, २५ मिनिटे, न पाहिलेला प्रश्न, फळा आणि विषयशिक्षक. इंग्रजीच्या उच्चारांना गुण नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी फक्त पारिभाषिक शब्द इंग्रजीत तोंडावर आणावेत, वाक्ये साधी चालतात. वीज जाते हे गृहीत धरून लॅपटॉप भरलेला आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवावा.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण हा हिशेब पालकांनी अर्जाआधी करायचा असतो. परदेशी विद्यार्थ्याला ऑक्सफर्डची ट्यूशन फीच वर्षाला ३५ हजार पौंडांच्या वर आहे, म्हणजे चाळीस लाखांच्या पुढे, राहणे-खाणे वेगळे. बातम्यांत येणाऱ्या ऱ्होड्स, चिव्हनिंग, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या सगळ्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतर जाणाऱ्याला पूर्ण खर्च उचलणारी मदत फार विरळा. कर्ज काढायची तयारी नसेल तर इथे पदवी करून पदव्युत्तरला जाणे हा कमीपणा नाही. एजंटांविषयी एवढेच लक्षात ठेवावे की ऑक्सफर्ड व केंब्रिज पदवी प्रवेशासाठी एजंट नेमत नाहीत, आणि इतर पुष्कळ विद्यापीठे एजंटांना कमिशन देतात. तुमच्या पाच पर्यायांची यादी कोणी आणि का बनवली ते त्यावरून ताडता येते.

शेवटी निकालाचा महिना. जानेवारीत सशर्त प्रवेश मिळाला तर अट विषयवार असते, ती पत्रातून शब्दशः उतरवून भिंतीवर लावावी. आपल्या बोर्डाचा निकाल यूकासकडे आपोआप जात नाही, गुणपत्रिका विद्यार्थ्यानेच विद्यापीठाला पाठवायची असते. अट पूर्ण करण्याची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट, पण व्हिसा, क्षयरोगाची तपासणी आणि पैशांची कागदपत्रे यांना लागणारे आठवडे पाहता खरी मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. एखाद्या विषयात एक-दोन गुणांनी अट चुकली तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि मग पुनर्मूल्यांकन, असा क्रम आहे. निकाल लागल्यावर त्याच आठवड्यात अर्ज करावा, आणि भरल्याची पावती जोडून विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे. न विचारता जागा राखून ठेवायला ते बांधील नाहीत, विचारले तर कधीकधी थांबतात.

आपले,
ज्युनिअर कॉलेजांतील काही विषयशिक्षक, नाशिक